‘न’ला ‘ल’ म्हणणाऱ्या घराची वाटणी

मी तान युमेई, मयत फान शौरन यांची पत्नी, वय चौऱ्याऐंशी, राहणार नेइजियांग शहर, नदीकाठची साखर गल्ली, घर क्रमांक अकरा, हे मृत्युपत्र माझ्या तोंडाने सांगत आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. दिसतं, ऐकू येतं, आणि समोरचा कधी खोटं बोलतो तेही कळतं. शुद्धीत असल्याचा याहून मोठा पुरावा माझ्यापाशी नाही. लिहून घेणारे पेंग शाओछिंग, निवृत्त शिक्षक, माझे शेजारी. मी ‘मेल्यावर’ म्हटलं तर त्यांनी ‘मेल्यावर’च लिहायचं, ‘निधनोत्तर’ नाही, असं आमचं ठरलं आहे.

कायद्याप्रमाणे वारस खोलीत नको. म्हणून नात यानचिउ हिला लांबच्या बाजारात चिकट तांदूळ आणायला पाठवलं आहे. मुलगा देमिंग तोंगग्वान शहरात कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो. त्याला कुठे पाठवावं लागलं नाही.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात कुणाला ‘एक काडी मिळणार नाही’ म्हटलं असेल, तर ते रद्द समजावं.

कलम २. मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची मोठी बरणी दुसऱ्या साक्षीदार चोंग शिउलान यांना द्यायची होती. मास्तर म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. शिउलान, बरणी आजच उचल. पाणी बदलत जा, नाहीतर मी येऊन बदलेन.

कलम ३. पुस्तकं. एकूण सहाशे अठरा. तळहाताएवढी, पानोपानी एक चित्र, खाली दोन ओळी. अठरा वर्षं मी ती गल्लीत भाड्याने दिली. भिंतीवर दोऱ्या बांधून टांगायची, समोर बांबूची बारा स्टुलं मांडायची. अट एकच, मोठ्याने वाचायचं. पोरांना वाटे, म्हातारी लक्ष ठेवते. म्हातारी ऐकत होती. त्यामुळे सहाशे अठराही गोष्टी मला येतात. मुखपृष्ठ दाखवा, सांगते.

ही सगळी यानचिउला. तिचं लाडकं पुस्तक पुरात बदकं वाचवणाऱ्या मुलीचं. त्याचं शेवटचं पान लुओ छांगग्वेइने फाडलं. तोच लुओ, जो आज शेवयांचं दुकान टाकून ‘मालक’ म्हणवून घेतो. पान नाही म्हणून यानचिउ शेवट रोज नवा करायची. एकदा बदकं समुद्रापर्यंत गेली, एकदा मुलगीच बदक झाली. लुओने पान आणून दिलं तर ठेवून घ्यावं, पण चिकटवू नये. छापलेला शेवट आता आम्हाला पटायचा नाही.

कलम ४. शिकायचं यंत्र. कळांची एक चपटी पेटी, टीव्हीला जोडायची, वर पिवळी कॅसेट खोचायची. देमिंगने १९९५ साली जादा पाळ्या करून घेतली आणि पोरीसाठी पाठवली. तिची आई ती दोन वर्षांची असताना वारली, बाप दूर, पोर माझ्यापाशी. तो कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करायचा.

“आई, ती त्यावर अभ्यास करते ना?”

“करते की.”

“कशावरून? तुला तर वाचता येत नाही.”

वाचता येत नव्हतं, पण पोरीचे हात बघता येत होते. अभ्यासाच्या खेळात आभाळातून अक्षरं गळायची आणि खाली एक बेडूक आ वासून बसलेला. बरोबर कळ दाबली की अक्षर त्याच्या तोंडात, चुकली की बिचारा उपाशी. त्याला दहाही बोटं लागत. रणगाड्यांच्या लढाईच्या खेळाला दोन अंगठे पुरत. मी चुलीपाशी बसून नुसती मान वळवायची आणि ओरडायची, “यानचिउ, बाकीची आठ बोटं कुठं गेली गं?” म्हातारीला चोरून वाचता येतं, असं तिला बरीच वर्षं वाटत होतं.

यंत्र तिलाच मिळणार, असं सगळे धरून चालले असतील. नाही. ते देमिंगला. ज्याने घेतलं त्याने बेडूक एकदाही पाहिला नाही.

कलम ५. बुटात घालायचे दोन कापडी तळ, एक डाव्या पायाचा, एक उजव्या. मी हे तळ जन्मभर शिवत आले. फुलं, मासे, आणि कुणी कागदावर काढून दिलं तर मंगल अक्षरंही, चौकटी मोजून टाके घालायचे. अक्षर न येता अक्षर भरता येतं. हे दोन मात्र वेगळे आहेत, म्हणून त्यांची हकीकत नोंदवते.

१९९६ च्या नववर्षाच्या सणाला देमिंग घरी आला. चार दिवस झोपला आणि पाचव्या दिवशी म्हणाला, पोरीला तोंगग्वानच्या शाळेत घालतो. यानचिउ दहा वर्षांची. बाप दारातून बससाठी ओरडत होता आणि ही यंत्रासमोर. तिने काहीतरी दाबलं आणि मला म्हणाली, “आजी, बंद करू नकोस हं. बंद केलं की पुसतं. आधी कुणाकडून तरी वाचून घे.”

सणामुळे गल्ली ओस पडली होती. वीज तेव्हा कधीही जायची. पण पडद्याजवळ गेले तर काय, प्रत्येक अक्षर चौकटी चौकटींचंच! नक्षीचा कागद घेतला आणि मोजून सगळं उतरवलं. शेवटची चौकट काळी केली, आणि तासाभरात वीज गेली. पडदा पुसला, माझं राहिलं. मग ते लाल दोऱ्याने शिवलं. दोन शब्द होते, तळही दोन असतात.

ते घेऊन मी पेंग मास्तरांकडे गेले. मास्तरांनी वाचलं, “लाय, लाय. ये, ये म्हणते आहे.”

आता आमच्याकडची गोष्ट अशी, की आमच्या जिभेला ‘न’ आणि ‘ल’ सारखेच. आजीला पुस्तकात ‘नायनाय’ म्हणतात, आमच्या तोंडून ‘लायलाय’ निघतं. आणि ‘लाय’ म्हणजे ये. यंत्रावर शब्दाचा उच्चार इंग्रजी अक्षरांत जुळवायचा. पोरीने बोलते तसं लिहिलं, मास्तरांनी बोलतात तसं वाचलं. तीस वर्षं भाषा शिकवून मास्तरांच्याही ध्यानात आलं नाही. (हे खरे आहे. — पेंग)

मी धुरावलेली सॉसेजं बांधली आणि आगगाडीत बसले. दोन रात्री, दोन दिवस. जन्मात पहिल्यांदा. तोंगग्वानला पोचले तर पोर शाळेत नव्हतीच. तिथल्या रहिवासाचे कागद नाहीत म्हणून शाळेने घेतली नव्हती. भाड्याच्या खोलीत बाहेरून कडी, आत ही, आणि मांडीवर शेजारणीचं तान्हं पोर.

देमिंग पाळी संपवून आला. “कुणी बोलावलं होतं तुला?”

मी तळ पुढे केले. “हिने. वाच. ये, ये.”

यानचिउ खाली मान घालून म्हणाली, “मी आजी लिहिलं होतं. चुकलं.”

तेव्हा देमिंग हसला. तसं हसू मी परत कुणाचं पाहिलं नाही. “एका अक्षराच्या चुकीवर माझी पोरगी घेऊन चाललीस, आई?”

“चूक असू दे,” मी म्हटलं. “कडी कुणी घातली ते सांग.”

दुसऱ्या दिवशी त्यानेच आम्हाला गाडीत बसवलं, खिडकीतून उकडलेली अंडी दिली आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवली. यानचिउने ती पाठ पाहिली. आपल्याला किती सहज सोडलं, असं तिने धरलं. तो फलाटाच्या खांबाआड जाऊन उभा राहिला, ते मला माझ्या बाजूने दिसलं. हे मी तिला आजवर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती परत गेली असती. हा माझा गुन्हा. तो इथे नोंदवावा.

यानचिउने खरं काय लिहिलं होतं, आजी की ये, ते मी विचारलेलं नाही. कुणीही विचारू नये.

डाव्या पायाचा तळ देमिंगला, उजव्याचा यानचिउला. एकेकटा वाचला तर त्यावर ‘ये’ एवढंच आहे. आजी हवी असेल तर दोन्ही शेजारी ठेवावे लागतील.

कलम ६. घर. मालकी यानचिउची. देमिंगला हयातभर तिथे राहण्याचा हक्क, पुढची खोली त्याची. बासष्ट वर्षांचा झाला, रात्रभर खोकतो, फाटकावर किती दिवस उभा राहील? रविवारी बारा स्टुलं बाहेर मांडणं त्याच्याकडे. पोरांकडून काही घ्यायचं नाही. मोठ्याने वाचायची अट कायम.

कलम ७. आता खरं बोलते. ही दोघं सत्तावीस वर्षं माझ्याच कानातून बोलतात. तो फोन करतो, “ती जेवते का वेळेवर?” मी तिला सांगते. ती म्हणते, “त्यांच्या खोकल्याला औषध घेतलं का, विचार.” मी त्याला विचारते. सणाला तो येतो तेव्हा तिला नेमकी कामं निघतात. मी मेल्यावर ही तार तुटणार. घर राहील, पुस्तकं राहतील, फोन कुणी कुणाला करणार नाही.

म्हणून अट अशी. घराची किल्ली मास्तरांकडे राहील. हे मृत्युपत्र देमिंगने यानचिउला घराच्या पुढच्या खोलीत बसून, स्वतःच्या तोंडाने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं. वकिलाने नाही, फोनवर नाही. मध्ये कुणी उठलं तर पुन्हा पहिल्यापासून. दोघं जागची हलली नाहीत, अशी मास्तरांची खात्री पटल्यावरच किल्ली द्यावी. खोकला आला तर तिने पाणी द्यावं. ते उठणं धरू नये.

कलम ८. वरचं सगळं मास्तरांनी मला वाचून दाखवलं. मी विचारलं, किती वेळ लागला? म्हणाले, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत तर चहासुद्धा निवत नाही.

सबब सोबत परिशिष्ट जोडत आहे. त्यात सहाशे अठरा पुस्तकांपैकी प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर कोण आहे आणि आत काय घडतं, ते मी क्रमाने सांगेन. परिशिष्ट हा मृत्युपत्राचाच भाग असून कलम ७ त्यालाही लागू आहे, जेवण-झोपेपुरतं उठणं सोडून. मास्तर कपाळाला हात लावून बसले आहेत. त्यांच्या हिशेबाने लिहायला अकरा दिवस लागतील. तोवर मी मरत नाही.

सांगायला सुरुवात : १२ नोव्हेंबर २०२३
सांगून पूर्ण : २३ नोव्हेंबर २०२३
ठिकाण : साखर गल्ली, नेइजियांग, सिच्वान

तान युमेई (उजव्या हाताचा अंगठा, लाल शाई)

साक्षीदार व लेखक : पेंग शाओछिंग (सही)
साक्षीदार : चोंग शिउलान (सही, बरणी १२ तारखेलाच मिळाली)

परिशिष्ट : पाने १ ते १४३. मोठ्याने वाचण्यास अंदाजे दोन दिवस.