पंख्यातली खूणगाठ

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी नापास, असे लिहून ठेवते की डोळे सोडून माझे बाकी सगळे जागेवर आहे. वकील म्हणाले, "आजी, 'कोणाच्याही दबावाखाली नाही' असं लिहा." लिहिते. दबाव आयुष्यभर होता, आज मंगळवारी सकाळी नाही.

१. मागे मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे काही मुलाला दिले होते. ते रद्द समजावे. ते मी त्याला खूश ठेवायला लिहिले होते आणि तो काही खूश झाला नाही.

२. राहती जागा. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मुलाला. मागची खोली, जिथे काम चालते, ती दारासकट सूनबाईला. "दारासकट" हा शब्द वकिलांनी दोनदा खोडला, मी दोनदा परत लिहिला. मुलाला तिथे ऑफिस थाटायचे आहे, काचेचे टेबल आणि फिरती खुर्ची. फिरायला त्याने दुसरी जागा शोधावी.

वकिलांनी विचारले, जागा स्वकष्टार्जित का? मी अर्थ विचारला. त्यांनी सांगितला. मग मी म्हटले, हो, पण कष्ट कुणाचे ते लिहायला तुमच्या कागदात जागा आहे का? नव्हती. म्हणून इथेच लिहिते.

हे, म्हणजे माझे यजमान, जुन्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती करत. मापात पक्के. पण जुन्या विमानांचे नाकावर फिरणारे पंखे लाकडाचे असत आणि ह्यांचे प्लॅस्टिकचे. तपकिरी रंग फासला की बिस्किटासारखे दिसायचे. त्यात लाकूड मी आणले. आधी पिवळट रंगाचा हात, तो पूर्ण वाळू द्यायचा. त्यावर तपकिरी तेलरंग, अगदी पुसट. मग केस झडलेला कोरडा ब्रश एका दमात टोकापर्यंत ओढायचा. हात मध्येच थांबला की लाकूड मेले. खरा पंखा फळ्या एकावर एक चिकटवून करतात, म्हणून प्रत्येक थराची छटा वेगळी, रेघ वेगळी. हे मला कोणी शिकवले नाही. मागच्या खोलीचे दार बघून शिकले.

त्या दारात एक गाठ होती, डोळ्यासारखी. माझ्या पहिल्या पंख्यावर मी ती हुबेहूब काढली. गिऱ्हाइकांसमोर हे हसले. "अगं, गाठीच्या लाकडाचा पंखा हवेत फुटेल! विमान आहे हे, फळकूट नाही." बरोबर होते त्यांचे. पण माणसाने हसावे तरी किती वेळ? नणंदेने तर माझे नावच "गाठवाली" पाडले. पुढच्या आठवड्यात ह्यांनी दारावर आपल्या नावाची पितळी पाटी बसवली, नेमकी त्या गाठीवर.

त्या दिवशी मी खूणगाठ बांधली. मनाशी नव्हे, पंख्यात. पंख्याच्या मधोमध धातूची चकती बसते, तिच्याखाली तिळाएवढी गाठ. तेव्हापासून माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक पंख्यात ती आहे. एकही विमान पडलेले नाही.

३. संग्रहालयात काचेच्या पेटीत आमचे मोठे विमान आहे. खाली लिहिले आहे, "कलाकार: पिता-पुत्र". अनावरणाला मी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत मागे उभी होते. बातमीदाराने मुलाला विचारले, आईंचा हातभार? मुलगा म्हणाला, "आई स्वयंपाकात एक नंबर!" ह्या मुलाने ब्रश ओढला की लाकूड उमटत नाही, भांग पाडल्यासारखे दिसते. ह्या कागदाची एक प्रत संग्रहालयाला द्यावी. चकती उलटी फिरवली की निघते.

४. नणंदेला माझे मोठे भिंग. आता तरी नीट बघ, बाई.

५. सूनबाई. हे कलम मला जड जाते. तिला मी सरळ शब्दांत काही शिकवले नाही. "हात आहे की खराटा?" हाच माझा धडा. माझ्या डोळ्यांपुढे पडदा आला तेव्हापासून, चार वर्षे, सगळे पंखे तीच रंगवते आणि नाव मुलाचे जाते. मी गप्प बसले. एवढेच असते तरी चालले असते. मागच्या महिन्यात तिने वाळत ठेवलेला एक पंखा मी उचलला, चकती काढली आणि भिंग लावून माझी गाठ रंगवायला बसले. तिच्या कामात. ह्यांनी केले तेच.

तिथे आधीच गाठ होती. माझी नव्हे. सूनबाई डावखुरी, ही गाठ डावीकडे कललेली. ती मागेच उभी होती.

"हे काय गं?"

"गाठ आहे, आई."

"पंख्यात गाठ असते होय?"

"तुमच्या सगळ्यांत आहे. दुरुस्तीला आलेले उघडले, तेव्हा दिसली."

"कुणाला बोललीस?"

"तुम्ही कुणाला बोललात?"

मी चकती परत बसवली. मग पहिल्यांदाच तिला म्हटले, "रेघ बरी आलीये." ती म्हणाली, "डोळे परत दाखवायला हवेत तुमचे."

सबब माझे सगळे ब्रश तिला, झडलेले आधी. मुलाने त्यांतला एकही फेकला तर पुढच्या खोल्यांवर त्याचा हक्क नाही. संग्रहालयातल्या नावांचे पुढे काय करायचे ते ती ठरवेल. पिशव्या मात्र तिने सांभाळायच्या नाहीत.

६. दारावरची पितळी पाटी मुलाची. तिच्यावर बापाचे नाव आहे आणि त्याखाली त्याने स्वतःचे कोरून घेतले आहे. चार स्क्रू काढून ती त्याने घेऊन जावी. दार सूनबाईचे. पाटीखाली गाठ आहे. ती कोणी रंगवलेली नाही.

वरील सगळे मी माझ्या हाताने लिहिले, भिंग लावून वाचले, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही (स्वतःची, अंगठा नाही)

साक्षीदार पहिला: खालच्या दुकानातला चष्मेवाला. माझ्यासमोर लिहिले. अक्षर वाचता येते.
साक्षीदार दुसरी: शेजारची शिंपीण. मुलगा घरात नव्हता.

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळचे टेबल
तारीख: अकरा, मंगळवार