लिहिता हात

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. त्यातला एक आशीर्वाद तुझ्या मोडक्या पायासाठी वेगळा काढून ठेव. कारखान्यात लोकांना शिडी कशी धरावी हे शिकवतोस आणि घरी स्टुलावरून पडतोस, याला काय म्हणावं?

तू पाठवलेला भुसा ओढायचा ब्लोअर सुतारखान्याच्या मागे सिमेंटच्या ओट्यावर बसवला. पायांखाली रबरं घातली, रंधा आणि करवतीच्या मशीनपासून नळ्या आणून जोडल्या. आवाज विमानाचा आहे, पण ओढ फुंकर मारल्याइतकी. भुसा थैल्यात जायचा सोडून पूर्वीसारखाच नाकात जातो.

ही थट्टा नाही. डॉक्टरांनी ह्यांना स्पष्ट सांगितलं आहे की धूळ हटली तर सुतारखान्यात पाऊल टाका, नाहीतर तो विकून टाका. गिऱ्हाईक येऊन भिंतीसुद्धा ठोकून गेलं. महिनाअखेर त्याला उत्तर हवं आहे. खोकला बघवत नाही आणि घरी बसलेले हे तर त्याहून बघवत नाहीत. काल त्यांनी माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. आज आमटी अळणी झाली, कारण मीठ सापडलं नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हो ताई, हो ताई करतोस. नीट लिही, आणि शाई फिसकटू देऊ नकोस. मागचं पत्र कुणी झाडूने लिहिल्यासारखं होतं.

लोभ आहेच. तो टिकेल असं काहीतरी कर.

तुझी ताई

---

दि. ९ मार्च

ती. ताईस,

साष्टांग शक्य नाही, पाय प्लॅस्टरमध्ये आहे. म्हणून खुर्चीतूनच न. वि. वि.

तो पंखा बहुतेक उलटा फिरतो आहे. हा ब्लोअर फसवा असतो. उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, पण सक्तीने कामाला लावल्यासारखा. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, चालू तर आहे. पंख्याच्या डब्यावर मोठा पांढरा बाण आहे, तो बघा. काही कारणाने बाण दिसत नसेल तर मोटरकडे तोंड करून उभी राहा. पट्ट्याची चाकं वरच्या अंगाने लिहित्या हाताकडे गेली पाहिजेत. तशी जात नसतील तर वायरमनला मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करायला सांग, बस्स.

दाजींना म्हणावं, विकायची घाई नको. ते घरी बसले तर तुझ्याआधी डबेच घर सोडून जातील.

माझ्यावरचा राग ओसरला की उरेल तेवढा लोभ असू दे.

तुझा धाकटा

---

दि. १४ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

बाण नाही. ब्लोअर येऊन पडला होता तेव्हा ह्यांना त्याचा रंग आवडला नाही, म्हणून त्यांनी त्याला हिरव्या रंगाचे दोन हात दिले. बाण दिसला नव्हता का, असं विचारलं तर म्हणाले, दिसला होता, वाकडा काढला होता.

मग तुझ्या सांगण्याप्रमाणे मोटरकडे तोंड करून उभी राहिले. चाकं लिहित्या हाताकडेच जातात. ह्यांनी बघितलं, वायरमनने बघितलं. तिघंही साक्षर आहोत. तेव्हा दिशा बरोबर आहे. दुसरं काही सुचत असेल तर सांग, नाहीतर सुचत नाही असं सांग.

गिऱ्हाईक परवा पुन्हा आलं. ह्यांनी त्याला चहा दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. मला ते आवडलं नाही. भांडणारा माणूस गप्प बसला की घर मोठं वाटायला लागतं.

पाय जप. लोभाचं काम झाल्यावर बघू.

ताई

---

दि. १९ मार्च

ती. ताईस,

अजून खुर्चीतूनच न. वि. वि.

दिशा बरोबर आणि ओढ नाही, हे मी आयुष्यात पाहिलं नाही. पट्टा सैल असेल. अंगठ्याने दाबून बघ, फार आत जाता कामा नये. नळ्यांचे सांधे तपास. पात्यांवर भुशाचा थर बसला असेल तर मुख्य बटण बंद करून खरवडून काढा. एवढं करूनही हललं नाही तर मी कुबड्या घेऊन येतो. दाजींच्या हातातला रंधा सुटला तर मला तुमच्या दारात उभं राहवणार नाही. विकू नका, एवढंच.

कुबड्यांसकट लोभ असावा.

धाकटा

---

दि. २३ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ., आणि या वेळी मोजून घेऊ नकोस.

येऊ नकोस. तुझं पत्र मी जेवताना ह्यांना वाचून दाखवत होते आणि मध्ये मध्ये शाईला नावं ठेवत होते. ह्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, तुझा भाऊ लिहितो कोणत्या हाताने?

मी पत्र खाली ठेवलं आणि उठले. वायरमन बोलावला. वायरी बदलल्या. ब्लोअरने पहिल्याच झटक्यात ह्यांची टोपी ओढून थेट थैल्यात नेली. हे टाळ्या वाजवत होते. रंध्यासमोर उभं राहून त्यांनी एक अख्खी फळी गुळगुळीत केली आणि एकदाही खोकले नाहीत. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

तुझ्या मास्तरांनी डावा हात बाकाला बांधला होता तेव्हा शाळेत भांडायला मीच गेले होते. हाच त्याचा लिहिता हात आहे, आणि घरात आम्ही तसंच म्हणणार, असं त्यांना बजावून आले होते. तू त्या शब्दाला इतकी वर्षं जागलास. मी मात्र तो मीच दिला होता हे विसरले. शाई हवी तेवढी फिसकटव.

हिरव्या डब्यावर ह्यांनी नवा बाण काढला आहे. वाकडा आहे, ते मी बोलले नाही.

हे आज सकाळी डबा घेऊन सुतारखान्यात गेले. मी दारातून विचारलं, मीठ कुठे ठेवलंत? म्हणाले, फळीवर, लिहित्या हाताकडे. कुणाच्या, ते विचारेपर्यंत कोपऱ्यावरून वळले होते.

लोभ वाढला आहे. आमटी अळणीच आहे.

तुझी ताई