किल्केनीत लोकर कुठे घ्यावी

हॅनोव्हर, १२ मे

प्रिय स्वरूपा,

आपल्या नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर माझं अक्षर बघून पाकीट लगेच केरात टाकू नकोस. तू लेकीला घेऊन आयर्लंडला, आपल्या किल्केनीला चालली आहेस असं तुझी मावसबहीण वसुधा म्हणाली आणि मला राहवेना. दोन वर्षं तिथे एका खोलीत राहून आपण नोकऱ्या केल्या, पण बाजारहाट माझ्याकडेच होता. तू टोमॅटो आणायला जायचीस आणि मेणबत्त्या घेऊन यायचीस! म्हणून हा आगाऊ सल्ला.

किल्ल्यासमोरच्या जुन्या तबेल्यांतली दुकानं फक्त बघ. मातीची भांडी सुरेख असतात, पण विमानात मांडीवर घेऊन बसावं लागेल. गुरुवारी तिथेच बाजार भरतो, चीज आणि सोडा ब्रेड तिथून घे. हाय स्ट्रीटवर लोकांनी दान केलेल्या कपड्यांची दुकानं आहेत. तुझा हिरवा कोट तिथलाच. लांब बाह्या दुमडून दोन हिवाळे मिरवलास. अशी दुकानं इथेही आहेत गं, पण हा रंग हिरवा की निळा यावरून अर्धा तास वाद घालायला कोणी नाही. माझ्या नीलला मराठीत विचारलं की तो जर्मनमध्ये एका शब्दात उत्तर देतो आणि विषय संपतो.

लोकर मात्र गल्लीतल्या त्या चिमुकल्या दुकानातूनच घे. हे तुला मी काय सांगणार? तिथल्या बाईंनीच तुला विणायला शिकवलं. नीलच्या वेळी तिथून लोकर मागवून पाच महिने तू पुण्यात पांघरूण विणत होतीस, आणि मी काय केलं? बाळंतपणात घरात पुडक्यांचा ढीग पडला होता. आपल्या घरांत द्यायच्या वस्तूंचा एक खण असतोच, ब्लाऊजपीस, स्टीलचे डबे, याने दिलेलं त्याला. तुझं पुडकं नावही न वाचता त्यात गेलं आणि म्युनिकला वसुधाच्या डोहाळजेवणाला मी नेमकं तेच नेलं. आत नीलच्या नावाची तुझी चिठ्ठी होती. वसुधाने तुला फोन केल्याचं कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू कडाकडा भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू गप्प राहिलीस आणि मी शरमेने फोन केला नाही. चूक माझीच होती, स्वरूपा. मला माफ कर.

खरं तर दुकानं तुला फोनवर कोणीही दाखवेल. मी लिहिलं ते वेगळ्याच कारणाने. त्याच आठवड्यात शुक्रवार ते रविवार मीही नीलला घेऊन किल्केनीला येतेय, तिकिटं काढली आहेत. अवचित समोर आले तर तुझी सुट्टी नासेल, म्हणून आधीच कळवते. शनिवारी सकाळी दहापासून मी नदीकाठच्या बाकावर बसेन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तेवढ्या वेळात तुझी खरेदी निवांत उरकून घे, मी गावात फिरकणार नाही. नाही आलीस तरी राग धरणार नाही. पण ये ना गं.

अजूनही तुझीच,
अरुंधती