डालग्याखालचा ससा

आलात की आधी अंगणात कोंबड्यांच्या डालग्याखाली ससा हाय, तो कोरडा पुसा आन् चुलीपाशी घ्या. मी गोठ्यात बसलेय, ह्याबी महिन्याला. सासूबाईंपुढं तुमच्याशी बोलता येईना, म्हणून चिठ्ठी दाराच्या कडीत खोचलीय.

सकाळी तो माझ्या मांडीवर येऊन बसला. मला शिवला म्हणून सासूबाईंनी त्याच्यावर गार पाण्याची घागर ओतली आन् डालग्याखाली कोंडला. ससा देतानाच जैनुद्दीनभाईंनी बजावलं व्हतं, ह्याला भिजवू नका. मीच पुसला असता, पर माझा हात लागला की त्या परत पाणी ओततील.

भाकरी नको, हरळी घाला. सासूबाईंना काय बोलू नका.

माझी चौथ्या दिवसाची अंघोळ होईस्तोवर त्याला बांधून ठेवा. सोडलात तर गोठ्यातच येईल. दुसरं कोण येतंय हितं?