दहावं पिल्लू

आत्याबाई,

परवा तुमची कोंबडी दिसली. तुम्ही म्हणाल, सून म्हातारी झाली, आता हिला दिवसाढवळ्या कोंबड्या दिसायला लागल्या. पण खरंच दिसली. तीच, कापूस गच्च भरलेली, एका डोळ्याचं बटण मोठं आणि दुसऱ्याचं बारीक, पाहिलं की वाटायचं बाई कायम कशाचा तरी संशय घेतेय. तुमच्या नातवानं पुण्याहून मोबाईलवर पाठवली. कुणीतरी जुने टीव्हीचे कार्यक्रम जपून ठेवले होते म्हणे, त्यात त्याला सापडली. खाली त्यानं लिहिलं होतं, "आई, आजीनं बरोबर ओळखलं होतं बघ!" मी मेथी निवडत बसले होते. हात पदराला पुसले, चष्मा पुसला आणि ते अडीच मिनिटांचं चित्र पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मेथी तशीच राहिली, संध्याकाळी पिठलं केलं.

तुम्हाला आठवतो ना तो आपला टीव्ही? लाकडी खोक्याचा, दोन्हीकडून सरकणाऱ्या दारांचा. त्या दारांना तुम्ही रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि वर क्रोशाचा रुमाल घालायच्या. शनिवारी संध्याकाळी लहान मुलांचा कार्यक्रम लागायचा. त्यात शिकवणारी माणसं कमी आणि बाहुल्या जास्त. खडूची एक रेघ आपोआप फिरायची आणि तिचा आकडा व्हायचा. ८ आला की दोन्ही बाजूंनी उतरतं छप्पर दिसायचं, त्याखाली मांजर येऊन बसायचं. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून रुसून बसायचे, मग कुणीतरी त्यांच्या जागा बदलायचं आणि दोघं समोरासमोर येऊन हसायचे. ते लागलं की मी तुमच्याकडे हळूच बघायची, कारण तेव्हा तुमचा आणि समोरच्या मावशींचा छत्तीसचा आकडा होता. तुम्ही म्हणायच्या, "हसायला काय झालं गं? समोर बघ."

आणि शेवटी कोंबडी. संध्याकाळ झालीय, ती पिल्लांना टोपलीत बोलावतेय. एकेक पिल्लू येतं, ती चोचीनं टोपलीवर टकटक करते आणि मोजते. तिसरं धडपडतं, पाचवं तोंडात दाणा घेऊन येतं, सातवं उलटं चालत येतं. नववं येतं ते भांडतच. घाई नाही कशाचीच. आता नातीच्या मोबाईलवर आकडे नाचतात, रंग बदलतात, नजर ठरेपर्यंत पळून जातात. आपली कोंबडी 'चार' म्हटल्यावर चौथ्या पिल्लाला नीट बसू द्यायची, अंग सावरू द्यायची, मगच पुढचं. पोराबरोबर मलाही तेवढा वेळ पुरायचा. मी दुसरीतून शाळा सोडलेली, तुम्ही तर शाळेची पायरी पाहिलेली नाही. पोरासाठी म्हणून आपण दोघी टीव्हीपुढे बसायचो, पण बोटं तिघांचीही हलायची. पुढे तुमचा नातू शाळेत जायला लागल्यावरही आपण शनिवारी बसत राहिलोच की. मला वाचायची गोडी लागली ती तिथून. आज हे पत्र लिहितेय, ते अक्षर त्या खडूच्या रेघेचं आहे. वाकडं आहे, पण माझं आहे.

फक्त दहावं पिल्लू आपण कधी पाहिलं नाही. दिवेलागणीला आपल्या ओळीतले सगळे बल्ब लागायचे, भार वाढायचा, आणि कोंबडी नऊ म्हणाली रे म्हणाली की कोपऱ्यावरच्या खांबावर फट्ट आवाज व्हायचा. अंधार. गल्लीच्या पलीकडची ओळ दुसऱ्या खांबावर होती, तिथं लखलखाट. त्या उजेडात नेमकं मावशींचं घर समोर दिसायचं, आणि तुम्ही चिमणी लावता लावता पुटपुटायच्या, "बघ, लाईटसुद्धा बकरीवालीच्याच बाजूनं हाय."

बकरीचं काय झालं होतं ते इथं लिहायला नको, पण लिहिते, मला अजून हसू येतं. तुम्ही देवळ्याहून माहेरचा गहू आणून कुरडया घातल्या होत्या. खाटेवर धोतर पसरून, पांढऱ्याशुभ्र, जाळीसारख्या. दुपारी तुमचा डोळा लागला आणि मावशींची बकरी आली. अर्धी खाट साफ. तुम्ही बाहेर येऊन बघताय तर बकरी तोंडात कुरडई लोंबकळत ठेवून तुमच्याचकडे बघतेय. मावशी दारातून म्हणाल्या, "अहो, ओल्या होत्या, तिला काय कळतंय?" ओल्या म्हटलेलं तुम्हाला जास्त लागलं. त्याच ठिकाणी तुम्ही शपथ घेतली, "त्या घराचा उंबरा ओलांडीन तर देवळ्याची लेक म्हणून सांगणार नाय!" सगळ्या गल्लीनं ऐकली. आणि तुमची शपथ म्हणजे शपथ, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी आपण पोराला पहिलीत घालायला नेलं. जन्माचा दाखला नव्हता. मास्तरांनी त्याला उभं केलं, डोक्यावरून हात घेऊन पलीकडच्या कानाला लाव म्हणाले. तेव्हा वय असंच मोजायचे. हात काही पुरेना. पोरगं मान वाकडी करून कान हाताकडे न्यायला लागलं, तर मास्तर म्हणाले, "कान नाही आणायचा, हात न्यायचा. पुढच्या वर्षी या." तुमचा चेहरा उतरलेला मला आजही दिसतो. तुमच्या लेकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, असंच 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत उशिरा बसवलं होतं. लहान पोरांत तो एकटा उंच. पोरं त्याला मास्तर म्हणून हाका मारायची. एक दिवस तो दप्तर ठेवून द्राक्षाच्या बागेत कामाला निघून गेला, तो गेलाच. तुम्ही हात जोडलेत, "मास्तर, माझ्या नातवाला सगळं येतं हो. इचारून बघा." मास्तर भले होते. म्हणाले, "बरं, दहापर्यंत मोजून दाखव. दाखवलंस तर घेतो."

आपण दोघी एकमेकींकडे बघून हसलो. हे तर त्याच्या हातचा मळ. तो ताठ उभा राहिला आणि सुरू झाला. टकटक सुद्धा केली टेबलावर. "सात, आठ, नऊ, लाईट गेली."

मास्तरांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

"पुन्हा म्हण बरं."

"आठ, नऊ, लाईट गेली!" या वेळी जरा जोरात, मास्तरांना कमी ऐकू येतं की काय अशा बेतानं.

मास्तर मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "सोमवारी घेऊन या. तोवर लाईट आली तर बघू."

त्यानंतर आपल्या घरात जे चाललं त्याला शिकवणी म्हणायचं की कोर्टकचेरी, मला माहीत नाही. मी म्हणायची, "नऊच्या पुढं दहा. म्हण दहा." तो म्हणायचा, "पण पिल्लू आलं नाही ना अजून. न आलेलं कसं मोजायचं?" तुम्ही पुढं सरसावलात. म्हणालात, कोल्ह्यानं नेलं. त्यानं भोकाड पसरलं. मग तुम्ही पिल्लाला मामाच्या गावाला पाठवलंत.

"कोणत्या?"

"लासलगावला."

"कशानं गेलं?"

"कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून."

"तू पाह्यलंस?"

"नाय."

"मग?"

शपथेच्या बाईला नातूही तसाच मिळाला होता, पाहिल्याशिवाय मानायचा नाही.

शनिवार आला. कार्यक्रमाची वेळ झाली आणि तुम्ही पदर खोचून उठलात. "कोथिंबीर घेऊन येते." मी म्हटलं, "आत्या, कोंबडी लागेल आता." "तुम्ही बघा दोघं." आम्ही पाहिली. नववं भांडत आलं, खांबावर फट्ट झालं. अंधारात पोरगं शांतपणे म्हणालं, "लाईट गेली," जणू पाढा पुरा झाला. थोड्या वेळानं तुम्ही आलात. कोथिंबीर नव्हती. चिमणीच्या उजेडात पोराला मांडीवर ओढलंत आणि म्हणालात, "ऐक. दहावं पिल्लू कुठं गेलेलंच नव्हतं. ती कोंबडी येडी. सगळीकडं हाका मारती, टोपलीत बघती, टोपलीखाली बघती. मग दमून पंख उचलती, हा डावा. तर ते पंखाखाली झोपलेलं! पयल्यापासून तिथंच. अशी मोठी जांभई देतं, आन कोंबडी म्हणती, दहा."

"खरं?"

"खरं."

"शपथ?"

तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "शपथ."

मी कणीक मळता मळता थांबले. तुम्ही आणि खोटी शपथ! मनात म्हटलं, नातवासाठी म्हातारीनं जन्माचा नेम मोडला. मी ते कधी बोलले नाही, पण त्या दिवसापासून तुमच्यावर माझा जीव जास्त बसला, हेही खरं. सोमवारी पोरगं मास्तरांसमोर उभं राहिलं. नऊपर्यंत आलं. थांबलं. तुम्ही माझं मनगट धरलंत. त्यानं सावकाश डावा हात उचलला, काखेत डोकावून पाहिलं, मोठी जांभई दिली आणि म्हणालं, "आन हे दहा!" मास्तरांनी पेन उघडलं. "आली वाटतं लाईट," म्हणाले.

आता सांगा, परवा मोबाईलवर मी काय पाहिलं असेल? कोंबडी हाका मारते. टोपलीत बघते, टोपलीखाली बघते. मग दमून पंख उचलते. डावा. पिल्लू जांभई देतं.

तुमच्या नातवाला वाटतं, आजीनं ओळखलं. तो गोड आहे, पण असं कुणी ओळखतं का? डावा पंख, जांभई, सगळं जसंच्या तसं? म्हणजे तुमची ती शपथ खरी होती. तुम्ही पाहिलं होतं. पण त्या वेळी उजेड होता तो समोरच्याच ओळीत, आणि आपल्या ओळखीच्यांत तिथं टीव्ही होता तो एकाच घरात. मग दुसरी शपथ? एक खरी ठरवावी तर दुसरी मोडते. इतकी वर्षं ज्या बाईच्या शब्दावर मी घर चालवलं, तिच्या दोन शब्दांत मला निवड करावी लागणार की काय? शेवटी चपला घातल्या आणि गल्ली ओलांडली.

मावशी आता पार वाकल्यात, दात गेलेत, पण जीभ तशीच आहे. मी मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी कोंबडी पाहिली आणि खोखो हसत सुटल्या.

"आली होती की तुझी सासू! मी भाकरी टाकीत व्हते. बघते तर दारात उभी. मी म्हनलं, आता काय, बकरी तर बांधलेली हाय. तर म्हनती, 'मला तुझा टीव्ही बघायचाय. पन माझी शपथ हाय, उंबरा ओलांडनार नाय. तू टीव्ही दाराकडं फिरव.'"

"आणि तुम्ही फिरवला?"

"मग काय करती? ह्यांनी आन मी उचलून फिरवला, भिताडाकडं तोंड करून आमीच बसलो! ती तिकडं बाहेर, उंबऱ्याच्या पलीकडं, चौकटीला धरून. शेवटपर्यंत बघितलं. मी म्हनलं, बघितलंस ना फुकट? आता म्हन, बकरीची चूक नव्हती."

"म्हणाल्या का?"

मावशींनी बोळक्या तोंडानं तुमची नक्कल केली, थेट तुमचाच आवाज. "म्हनली, 'बकरीची नव्हती. बांधनारनीची व्हती.' आन गेली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या कुरडया घेऊन आली तळून. त्याबी उंबऱ्यावरनंच दिल्या बरं का. लई नेमाची बाई."

आत्याबाई, मी तिथंच मावशींच्या उंबऱ्यावर बसले आणि पोटभर हसले. हसता हसता डोळे पुसले, ते हसण्याचंच पाणी होतं, दुसरं काही समजू नका. दोन्ही शपथा शाबूत. तुमच्या नातवाला मी हे अजून सांगितलेलं नाही. आजीनं ओळखलं, असंच राहू दे. मोठा झाला असला तरी त्याला तेवढं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्याची मुलगी आलीय. पाच वर्षांची. इंग्रजीत शंभरपर्यंत एका दमात म्हणते, मधे श्वास घेत नाही. काल संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन कोंबडी दाखवली. तिसरं धडपडलं तेव्हा हसली, सातवं उलटं आलं तेव्हा तिनं उठून तसं चालून दाखवलं. नववं भांडत आलं आणि पडदा काळा झाला.

"काय झालं आजी?"

"लाईट गेली."

"मोबाईलची कशी लाईट जाईल? चार्ज संपला असेल. मग दहावं कुठंय?"

मी म्हटलं, "ते समोरच्या पणजीला माहीत आहे. जा, विचारून ये."

पळत गेली. मी आपल्या दारात उभी राहिले. मावशींच्या दारापाशी जाऊन ती बुजली आणि उंबऱ्याच्या अलीकडं चौकट धरून उभी राहिली. अगदी तिथंच, आत्याबाई. आतून आवाज आला, "कोन गं ते? तुमच्या घरात सगळ्या उंबऱ्यावरच उभ्या ऱ्हातात का? ये आत!" आणि ती आत गेली. थोड्या वेळानं उजेडात मला दिसलं, एक म्हातारी आणि एक पोर, दोघींनी डावा हात वर केला होता.

हे पत्र मी कुरडयांच्या डब्यात ठेवणार आहे. तिथं बकरी येत नाही आता. फक्त एक सांगायचं राहिलं, तुम्हाला म्हणून सांगते. मोबाईलमध्ये चार्जिंग भरपूर होतं. नऊ झाल्याबरोबर बंदच्या बटणावर बोट मीच ठेवलं.