खोडलेला शब्द

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. दहा वर्षांनी ताईची आठवण झाली, तीही चार पानं भरून! पहिली तीन पानं माझ्या गुडघ्यांची चौकशी आणि चौथ्यावर काम. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ते काय उगाच? गुडघे दुखतात. भाषांतराच्या कचेरीला तीन जिने आहेत आणि मी ते दिवसातून दोनदा चढते. तुझी बायको म्हणायची तशी मी अजून जाडच आहे, अजून फटकळच आहे. बाकी सगळं ठीक.

तू लिहिलंस, ‘ताई, तुझ्या इंग्रजीपुढे माझं काय!’ हसू आलं बघ. लहानपणी मी ‘बाबांची शेड भिंतीवर पडलीय’ म्हटलं, तर तू ताट सोडून घरभर नाचला होतास. झाडाची ती शेड आणि माणसाची शॅडो, एवढंही कळत नाही ताईला! महिनाभर मला शेडताई म्हणत होतास. बाबासुद्धा हसले होते. त्यांना दोन्हीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोराला कळतं याचंच त्यांना कोण कौतुक. दिवसभर क्रेनच्या डब्यात बसून यायचे, हात धुवायच्या आधी तुझी इंग्रजीची वही मागायचे आणि उलटी धरून बघायचे.

म्हणून तर त्या दिवशी ते चौकशीचा कागद घेऊन तुझ्याकडेच आले. सलग दुसऱ्या पाळीचा शेवटचा तास, पेटी हुकातून सुटली आणि पहारेकऱ्याचं पाऊल चिरडलं. जबाब त्यांनी स्वतः लिहिला होता. ‘माझ्याकडून हयगय झाली,’ असं सरळ लिहून मोकळे झाले. खोटं बोलायची अक्कल त्यांना कधी नव्हतीच. कंपनीचे मालक परदेशी, त्यांना जबाब इंग्रजीत हवा. ‘तुला येतं ना, नीट लिही बाबा,’ एवढंच ते तुला म्हणाले आणि पाटावर बसून राहिले, तू लिहीत होतास तितका वेळ. मी तेव्हा शिलाई मशीनवर होते. तू मोठ्या ऐटीत तो जाडा शब्दकोश मांडीवर घेतला होतास, ते मला अजून दिसतं.

तू ‘निग्लिजन्स’ लिहिलंस. म्हणजे बघायला हवं होतं, आणि यांनी पर्वाच केली नाही. ‘ओव्हरसाइट’ लिहिलं असतंस, तर बघत होते आणि नजरेतून सुटलं, एवढाच अर्थ झाला असता. दोन्ही म्हणजे हयगयच, दोन्ही बरोबर. पण एका शब्दाने माणूस ताकीद घेऊन सुटतो आणि दुसऱ्याने त्याचा परवाना जातो. बाबांचा गेला. पुढची अकरा वर्षं ते त्या खिडकीपाशी बसले, जिथून क्रेनचं टोक दिसायचं. नवा माणूस क्रेन कशी वळवतो ते बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, हळू, हळू, अजून हळू.

तुझं मात्र बरं झालं. भाषांतर किती काटेकोर आहे म्हणून साहेब खूश झाले आणि दोन महिन्यांत तू त्याच कंपनीच्या कचेरीत चिकटलास. पेढे कोणी वाटले? बाबांनी! खिडकीजवळून उठून, नवा सदरा घालून, दारोदार.

त्यांची रोजी गेल्यावर मी इंग्रजी शिकायला बसले. तिशी गाठलेली बाई, पोरासोरांच्या वर्गात. मग ही कचेरी मिळाली. आमचे जुने साहेब भारी माणूस होते. एका शब्दाला दोन इंग्रजी शब्द निघाले की दोन्ही चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवायचे आणि एक दिवस तिकडे बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी निवडायचं. आणि दोन्ही बरोबर असतील, तर ज्याचा कागद आहे त्याला कमी लागेल तो घ्यायचा. एकोणीस वर्षं मी हेच करतेय. घटस्फोटवाल्या बायका, आजारी म्हातारे, शाळेतून काढलेली पोरं, सगळ्यांसाठी. त्यातलं कोणी माझ्या नात्याचं नव्हतं.

तू नेहमी म्हणत आलास, आणि परवाच्या पत्रातही पुन्हा लिहिलंस, की ‘ताई, मी बावीस वर्षांचा होतो गं, मला तो दुसरा शब्द तेव्हा ठाऊकच नव्हता.’ खरं सांगते, बरीच वर्षं मी यावर विश्वास ठेवला. पोरगंच ते, असं म्हणून सोडून दिलं. मग तू परदेशी गेलास. त्याच महिन्यात एका दुपारी बाबा स्वयंपाकघरात आले आणि चष्म्याच्या घरातून एक घडी केलेला कागद काढला. तुझ्या खणात सापडला म्हणाले. वर तुझ्या अक्षरात ‘हयगय’, खाली दोन इंग्रजी शब्द शेजारी शेजारी. ‘ओव्हरसाइट’वर रेघ मारलेली. एक नाही, दोन रेघा. त्यांनी मला विचारलं, या दोन शब्दांत फरक काय गं? मी म्हटलं, काही नाही बाबा, दोन्ही एकच. त्यांनी खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, मग एक खोडला कशाला?

दूध ओतू जातंय म्हणून मी पाठ फिरवली. गॅसवर दूध नव्हतंच. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, पण कागद चष्म्याच्या घरातच राहिला. ते गेले तेव्हा तू तीन ओळींची इंग्रजी तार केलीस. त्यात हळहळीचं ‘सॉरो’ होतं, काळीज फाटण्याचं ‘ग्रीफ’ नव्हतं. नेहमीसारखी अचूक निवड.

तर आता तुझं काम. जुन्या कंपनीचं पत्र वाचलं; साहेबांना सगळं इंग्रजीत हवं, पण इथल्या माणसाला काढायची नोटीस मराठीत. परदेशी जाताना घरी तू ‘राजीनामा दिला’ म्हणून सांगितलं होतंस. कागद वेगळंच सांगतो. दोर न तपासता तू सही केलीस, एका हमालाचा हात गेला. ‘तपासणीत हयगय केल्यामुळे कामावरून काढण्यात येत आहे.’ आता तिथल्या गोदामात तू सुरक्षेचा अधिकारी होणार म्हणे, आणि त्यांना हेच पत्र माझ्या शिक्क्यानिशी इंग्रजीत हवंय. ही नोकरी हुकली तर तिथे राहायची परवानगी जाते, बायको आणि दोन पोरं घेऊन परत यावं लागतं. ‘कुठला शब्द घालायचा ते तुला सांगायला नको,’ असं लिहून खाली डोळा मारल्याचं चित्र काढलंयस. वर लग्नानंतर माझं आडनाव बदललंय, तेव्हा आपलं नातं कुणाला कळायचं नाही, हेही सुचवलंयस. हुशार आहेस रे. पहिल्यापासूनच.

मी नियमाप्रमाणे चिठ्ठी काचेखाली ठेवली. एक दिवस बघितलं नाही. सोमवारी सकाळी काढली आणि ‘निग्लिजन्स’ लिहिलं. शिक्का मारून पाकीट आमच्या पद्धतीप्रमाणे थेट तुझ्या मालकांना पाठवलं. हे पत्र मुद्दाम आठ दिवसांनी टाकतेय, म्हणजे तू हे वाचशील तेव्हा त्यांचं वाचून झालेलं असेल. तक्रार करायची तर खुशाल कर, शब्द अचूक आहे. बाबांच्या चष्म्याच्या घरातला तो कागद सोबत जोडलाय, तो आता तुझा. घर आवरताना पोरांच्या हाती लागेलच कधीतरी. या दोन शब्दांत फरक काय म्हणून त्यांनी विचारलं, तर काही नाही म्हणून सांग. मग पुढे ती काय विचारतील, ते तुला ठाऊक आहे.

तुझीच,
शेडताई