तबकडीमागचे सहा मिलिमीटर

आबा, तुम्ही केलेल्या घड्याळात अजून मशीन बसलेलं नाही. अमळनेरच्या घरी भिंतीवर नुसती सागवानी पेटी आहे. तुम्ही पटाशीने आकडे कोरलेली तबकडी मी जळगावला आणली आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते. आता इथल्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासते. आई दर रविवारी फोनवर म्हणते, "बठ्ठं घर गुमसुम शे, माय. जयगावले इतला कारखाना शेतस, अन् एक मशीन भेटत नही?"

तुम्हाला चावीचं मशीन हवं होतं. त्यासाठी तबकडीत आणखी दोन भोकं पाडावी लागतील, आणि आईचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. म्हणून सेलवरचं घेतलं, टिकटिक ऐकू येणारं, खाली लोलक हलवणारं. तुम्ही नाक मुरडलं असतं. अडचण वेगळीच आहे. तबकडी चौदा मिलिमीटर जाड, आणि या मशीनचा दांडा फार तर आठ मिलिमीटरमधून बाहेर येतो. म्हणजे मागून सहा मिलिमीटर लाकूड काढायचं, नेमकं दर्शनी बाजूच्या त्या लाकडी ठिगळामागचं.

ठिगळ लागलं ती दुपार. तुम्ही जेवायला गेला आहात. तबकडी पालथी घालून मी मधल्या खुणेवर गिरमिट फिरवते आहे, खाली फळी न ठेवता. टोक पलीकडे निघतं आणि दर्शनी बाजूचा रुपयाएवढा कपचा उडतो. तुम्ही दारातूनच बघता. "खाले फळी ठेवाले काय व्हयनं व्हतं? लाकूडले तुना शाळाना मार्क दिखतस का?" मग दोन संध्याकाळी रेषेला रेष जुळवून तुम्ही ठिगळ बसवलंत. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, "मना हात सरकना." तबकडी मी इथे आणेपर्यंत ती त्यावर बोट फिरवायची. "तुना आबा जनमभर एकदाच चुकना," म्हणायची.

टाकाऊ सागवानावर मी अकरा खड्डे करून पाहिले. अकराही बरोबर आले. मग तुमची तबकडी पालथी घातली, खाली फळी ठेवली, दोन्ही बाजूंनी आवळली आणि पटाशी हातात घेऊन उभी राहिले. तुमचा सरस इतक्या वर्षांनी कितपत धरून आहे, हे मोजणारं यंत्र माझ्याकडे नाही. ठिगळ निघालं तर दुसरं बसवता येईल मला. आईच्या बोटाला ते कळेल. पटाशी ठेवून दिली. काल पुन्हा तेच.

मशीन येऊन तीन आठवडे झालेत. आईला सांगते, अजून आलं नाही. हात कोणाचा सरकला होता, तेही अजून सांगितलेलं नाही.